सांगवीहून किती वाजता निघालो

दत्ता,

तुझ्या शोकसभेत बोलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कंपनीत कोणी निवृत्त होवो, कोणाची बदली होवो, कोणी जगातून जावो, माईक माझ्याच हातात देतात. तू म्हणायचास, "हा नाटक्या सोताच्या दहाव्यालाबी दोन शब्द बोलूनच उठंल." तसं झालं नाही. दहावा तुझा झाला, आणि दोन शब्द मला धड बोलता आले नाहीत.

कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुझा फोटो ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला होता. त्यात तू मोटारसायकल चोरताना सापडल्यासारखा दिसतोस. मी उभा राहिलो, घसा साफ केला, पहिल्या वाक्याला हशा घेतला, दुसऱ्या वाक्याला दोन-तीन रुमाल बाहेर काढायला लावले. तिसरं वाक्य घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं: "दत्ता आयुष्यात एकदाच हरला, आणि तो पराभवसुद्धा त्यानं स्वतःच्या सहीनं मान्य केला." ते तोंडात आलं आणि तिथंच थांबलं. कारण ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. असं मला वाटत होतं.

पण गोष्ट मधूनच सुरू केली की तू वैतागायचास. "पयल्यापासून सांग, म्हंजी खोटं कुठून सुरू झालं ते कळतं." बरं, पहिल्यापासून.

आपली कंपनी महाळुंग्यात. गाड्यांचे ब्रेक लागतात त्यातले सुटे भाग आपण बनवतो. तू मापन विभागात, म्हणजे एखादा भाग केसाच्या किती हिश्शानं जाड झाला ते सांगणारा. मी नियोजनात, म्हणजे तो भाग कालच द्यायला हवा होता असं ओरडणारा. भेट मात्र कंपनीच्या बसमध्ये. मी सांगवीत पहिल्या थांब्यावर चढायचो आणि शेजारची जागा पिशवी ठेवून धरायचो. तू चऱ्होलीहून सायकल हाणत मोशीला यायचास, पंक्चरवाल्याच्या दुकानाला साखळीनं सायकल बांधायचास आणि चढता चढता कालचा वाद जिथं सोडला होता तिथून उचलायचास. "नमस्कार" वगैरे नाही. एकदम, "तर तुझं म्हणणं काय, की बाया-बापड्यांनी पाऊसपाण्यात भिजत हुबं ऱ्हायचं?" मागचे लोक दचकायचे.

तुझ्या घरी पाच गाड्या. पाचही पांढऱ्या, पाचही ट्रॅक्टरएवढ्या उंच. जमिनींना भाव आला तेव्हा भावांनी घेतल्या, पुतण्यांनी घेतल्या, आणि तू सायकलवर. एकदा पुतण्या माझ्यादेखत म्हणाला, "काका, लोकं काय म्हणत्याल? आमी सोडतो की कंपनीत." तू म्हणालास, "लोकं म्हणत्याल, ह्या घरात एकाला तरी पाय हायेत."

कंपनीनं तुला मोजमापाचं यंत्र शिकायला जर्मनीला चार महिने पाठवलं. परत आलास ते ट्रॅमच्या प्रेमात पडून. तिथल्या कारखान्याचा मोठा साहेब सकाळी ट्रॅमनं येतो, हातात डबा असतो, आणि ट्रॅम सात बाराला म्हणजे सात बाराला येते, हे तू आम्हाला इतक्या वेळा सांगितलंस की मोशीच्या थांब्यावर बस उशिरा आली की अख्खी बस ओरडायची, "सात बारा!" त्यानंतर कंपनीनं मला अमेरिकेला तीन आठवडे पाठवलं, आणि मी परत आलो तो सहापदरी रस्ते डोळ्यांत भरून. मग काय, रोज जर्मनी विरुद्ध अमेरिका. अधूनमधून माझ्या सिंगापूरच्या भाच्याला साक्षीला काढायचं. तिथं गाडी ठेवायचा परवानाच गाडीएवढा महाग, हे ऐकून तू मांडीवर थाप मारलीस. "शाणी मान्सं! हितं परवाना फुकट आन रस्ता गायब."

माझा हुकमी एक्का एकच होता. मी म्हणायचो, "अरे, आपण गाड्यांचे ब्रेक बनवतो. लोकांनी गाड्या घेतल्या नाहीत तर तू खाणार काय?"

"गुऱ्हाळवाल्यानं काय रोज गूळच खायाचा का?"

मी खिडकीबाहेर बघायचो.

माझ्या गोष्टींना तू मापनाच्या भाषेत वीस टक्के अधिक-उणे दिलेलं होतंस. मी म्हटलं पन्नास माणसं होती, तर तू चाळीस धरायचास. अमेरिकेतल्या हॉटेलची गोष्ट मी बसमध्ये केवढी रंगवली होती! समोर दुकान दिसतंय, मध्ये आठ पदरांचा रस्ता, आणि मी दुधासाठी टॅक्सी बोलावून रस्ता ओलांडतो. सगळे हसले. तू हसला नाहीस. विचारलंस, "खरं सांग, चालत गेला व्हतास का?" मी म्हटलं, गेलो होतो, अर्ध्या वाटेत पोलिसानं थांबवलं आणि विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? तू म्हणालास, "ह्यात वीस टक्के काढाया जागाच न्हाई. हे सगळंच खरं हाय." आणि मग दिवसभर जो भेटेल त्याला तू ती गोष्ट सांगितलीस, आपल्या बाजूचा पुरावा म्हणून. माझी गोष्ट, आणि पुरावा तुझा!

मग मी गाडी घेतली. लाल. पेढे घेऊन तुझ्या विभागात आलो. तू दोन खाल्लेस, तिसरा सुनंदाला दिलास आणि म्हणालास, "सांगवीच्या बसचा एक गेला." सुनंदा तुझ्या हाताखाली तपासणीला, मोशीला तुझ्याच थांब्यावर चढणारी. ती मला "अभिनंदन, साहेब" म्हणाली, पण चेहरा पेढा कडू लागल्यासारखा होता. माझ्यामागे आणखी काहींनी गाड्या घेतल्या. बस अर्धी रिकामी धावायला लागली आणि व्यवस्थापनानं बैठक बोलावली: सांगवीची बस ठेवायची की बंद करायची?

कामगारांच्या बाजूनं तू होतास, स्टाफच्या बाजूनं मी. आपले कारखानाप्रमुख साहेब सरळ माणूस. म्हणाले, "लोक गाडीनं लवकर पोचत असतील तर बसचा आग्रह कशाला?" यावर दुसरा कोणी असता तर निवेदन दिलं असतं, घोषणा दिल्या असत्या. तू म्हणालास, "साहेब, रीडिंग घेऊ." एका दिवशी, एकाच वेळी, सहा चाळीसला सांगवीहून बस निघेल आणि हा त्याच्या गाडीनं निघेल. गेटमधल्या यंत्रावर कार्ड लागलं की वेळ थांबली. जे येईल ते येईल.

आता इथं तुझी चूक झाली, दत्ता. आयुष्यभर तू एकही उपकरण न तपासता वापरलं नाहीस. नवीन मोजपट्टी आली तरी आधी तिचं खरंखोटं करायचास. आणि त्या दिवशी निघायची वेळ नोंदवायचं काम तू न तपासता माझ्यावर सोपवलंस. मी सांगीन ती वेळ. कारण मी मित्र.

मी सहा वीसला निघालो.

का, असं विचारशील. गंमत म्हणून. शपथेवर सांगतो. माझ्या डोक्यात सगळा प्रवेश तयार होता: आधी पोचायचं, कागदावर सहा चाळीस लिहायचं, तुला घाम फुटू द्यायचा, आणि दहाच्या चहाला सगळ्यांसमोर खुर्चीवर उभं राहून सांगायचं, "दत्तोबा, मोशीहूनच चाळीस मिनिटं लागतात, मग सांगवी ते मोशी पाच मिनिटांत? विमानानं आलो का मी?" मग हशा, मग टाळ्या. रस्ता मोकळा होता, गेटला लागून गाडी लावायला जागा मिळाली, सात पंचविसाला मी कार्ड लावलं आणि कागदावर सहा चाळीस लिहून सही केली. पंचेचाळीस मिनिटं. बस आली सात बावन्नला. तू कागद पाहिलास, माझ्याकडे पाहिलंस, सही केलीस. मी दहाची वाट बघत होतो. तू वाट बघितली नाहीस. नऊ वाजताच जाऊन साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून आलास. रीडिंग आपल्या विरुद्ध आलं म्हणून तासभरही दाबून ठेवायचं नाही, हा तुझा नियम.

दहाला चहा आला. खुर्ची होती, माणसं होती, मी होतो. तू म्हणालास, "हरलो, राव. जर्मनी हरली," आणि बिस्किट बुडवलंस. आणि मला बोलता येईना. गंमत कधी संपली ते कळलंच नाही, आणि संपल्यावर जे उरलं त्याला गंमत म्हणता येत नव्हतं. उद्या सांगू म्हटलं. महिन्याभरात बस बंद झाली.

मग मी तुला मोशीहून गाडीत घ्यायला लागलो. लोकांना वाटलं, काय मैत्री! तू पुढच्या सीटवर बसायचास, मांडी घातल्यासारखा ऐसपैस, पट्टा मात्र लावायचास, कारण "ब्रेक आपल्याच कंपनीचं असत्याल तर पट्टा लावल्यालाच बरा." सुनंदालाही घ्यायचं का, असं तू पहिल्याच दिवशी विचारलंस. ती नाही म्हणाली. तिची शिफ्ट तशीही महिन्यातून दोनदा बदलायची. ती दोन ठिकाणी गाड्या बदलून येऊ लागली.

दीड वर्ष आपण त्या गाडीत भांडलो. तळेगाव चौकाच्या अलीकडे कंटेनरांच्या मागे अडकलेलो असायचो आणि तू आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं मोजायचास. "एक. एक. एक. ह्यात दोन, पन एक झोपल्यालं हाय." मी म्हणायचो, हे स्वातंत्र्य आहे, मनात येईल तेव्हा निघता येतं. "आन मनात येईल तवा पोचता येतं का?" मी म्हणायचो, उड्डाणपूल होऊ दे. तू म्हणायचास, "आमच्या आज्ज्यानं रस्त्याला रान दिलं तवाबी हेच सांगितलं व्हतं. रस्ता दोनाचा चार झाला, चाराचा सहा. रान संपलं. गर्दी न्हाई संपली."

एकदा असेच थांबलो होतो. मोशीहून चाळीस मिनिटं झाली होती आणि गेट अजून दिसत नव्हतं. तू घड्याळाकडे पाहिलंस, मग समोर पाहत, अगदी सहज म्हणालास, "त्या दिवशी तुला लईच हिरवं सिग्नल लागलं व्हतं, न्हाई का?"

दत्ता, तो माझा क्षण होता. एवढी आयती ओळ मला कोणी कधी दिली नव्हती. आणि मी काय केलं? हॉर्न वाजवला. पुढच्या टँकरवाल्याला शिव्या दिल्या. तू खिडकीची काच खाली केलीस.

मग तुझं दुखणं निघालं आणि दर मंगळवारी तुला दवाखान्यात न्यायचं काम मी मागून घेतलं. पुतण्यांना सांगितलं, तुमच्या गाड्या फार उंच, त्याला चढवत नाही. एकदा परत येताना तू मागच्या सीटवर आडवा होतास. म्हणालास, "आज तुझी गाडी लागली. हे मान्य हाय. लिवून घे." मी म्हटलं, मग हरलास की. "हरलो न्हाई. मी गाडीच्या इरोधात कवाच नव्हतो, येड्या. आजाऱ्याला गाडी, म्हाताऱ्याला गाडी, सामानाला गाडी. पन गाडी न्हाई त्याला कामावर जाता येऊ न्हाई, अशी येळ आणायची, त्याच्या इरोधात हाय मी." मी आरशातून पाहिलं. तू डोळे मिटले होतेस. तेव्हाही सांगता आलं असतं. मनात आलं, आजारी माणसाला कशाला त्रास? इतकी सोयीस्कर दया मी दुसऱ्या कोणावर केलेली आठवत नाही.

तर शोकसभा. तिसऱ्या वाक्याला अडकलो. लोकांना वाटलं, गहिवरला. कोणीतरी पाणी आणलं. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "दत्ता हरला नव्हता. त्या दिवशी मी सहा चाळीसला नाही, सहा वीसला निघालो होतो. कागदावर मी खोटं लिहिलं." सांगायला दोन वर्षं लागली आणि बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हावभाव नाहीत, आवाजात चढउतार नाहीत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण.

मग सुनंदा उठली.

"दोन वर्षं, साहेब?" ती म्हणाली. "दोन वर्षं मी साडेचारला उठती. माझी लेक शेजारणीच्या हातचा डबा घेऊन शाळेत जाती. आन तुम्ही आत्ता सांगताय?"

मी मान खाली घातली. ती पुन्हा बसली नाही, तशीच निघून गेली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "लेखी द्या. आणि मोजणी परत होऊ दे." मी लेखी दिलं. मोजणीची एकच अट सुनंदानं घातली: सांगवीतून निघताना ती माझ्या शेजारी बसणार, आणि घड्याळ तिचं.

ती मोजणी आज झाली.

सहा वाजता तिचा नवरा मोटारसायकलवरून तिला माझ्या दारात सोडून गेला. चहा नको म्हणाली. कोपऱ्यावर कंपनीनं एका दिवसापुरती आणलेली बस उभी होती. सहा चाळीसला ती हलली तेव्हा सुनंदा म्हणाली, "चला." मी निघालो. खरं सांगतो, नाशिक फाट्यापर्यंत माझा पाय हलकाच होता. एक टेम्पो पुढे जाऊ दिला, मग एक दुधाची गाडी. म्हटलं, निदान आज तरी तुला जिंकू द्यावं. सुनंदा समोर बघतच म्हणाली, "साहेब, मुद्दाम हरू नका. तेबी खोटंच झालं."

मग मी चालवली, दत्ता. सांगवीपासून महाळुंग्यापर्यंत जेवढी चालवता येते तेवढी. भोसरीत बसला मागे टाकलं.

चाकणच्या कोंडीत थांबलो तेव्हा मी तिला विचारलं, दत्ताला कळलं होतं का? तिनं आधी घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "बस बंद झाली त्या आठवड्यात मी दत्तासरांना म्हटलं, सर, हे पंचेचाळीस मिनिटं काही खरं दिसत न्हाई, मोठ्या साहेबांकडं जाऊ. सर म्हणाले, त्यानं सही केली हाय. तो सांगंल. परत सहा महिन्यांनी म्हटलं, तर पुन्हा तेच. सांगंल तो."

पुढचा कंटेनर हलला. मागून हॉर्न वाजले, तेव्हा कळलं की आपल्यालाही हलायचंय.

तू वाट बघत होतास. एवढंच मला समजून घ्यायचं आहे आणि अजून नीट समजत नाही. तुला पुरावा गोळा करता आला असता. मोशीपासून रोज तू घड्याळ लावून माझ्या शेजारी बसलेला होतास, तुझ्याइतका पुरावा कोणाकडे होता? पण तुला ते माझ्या तोंडून हवं होतं. तू गेलास तेव्हा ते बाकी राहिलं, आणि मी सांगितलं तेव्हा ऐकायला तू नव्हतास. हे असं झालं. याची कुठलीही सफाई देता येत नाही.

सात अठ्ठेचाळीसला आम्ही गेटवर पोचलो. बस दिसतही नव्हती. मी जिंकलो होतो, प्रामाणिकपणे. मी म्हटलं, "झालं." सुनंदा म्हणाली, "झालं कुठं? कार्ड लागूस्तोवर. गाडी लावा आधी."

गाडी लावायला जागाच नव्हती. बस बंद झाल्यापासून सगळेच गाड्या घेऊन येतात, आणि ते सगळे माझ्याआधी आले होते. मी एक फेरी मारली. दुसरी मारली. गेटसमोर बस येऊन थांबली, माणसं उतरली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आत गेली. आम्ही तिसऱ्या फेरीत होतो. शेवटी मागच्या रस्त्याला, भंगारवाल्याच्या कुंपणाशी जागा मिळाली. तिथून चालत आलो. सुनंदा पुढे, मी मागे धापा टाकत. मी कार्ड लावलं तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. बसवाल्यांची शेवटची नोंद सात पंचावन्न.

अकरा मिनिटांनी. तुझ्या बसनं.

साहेबांनी कागद वाचला आणि सोमवारपासून तीन महिने बस सुरू करायला सांगितलं. पुढचं पुढे बघू म्हणाले. दुपारी कँटीनच्या फलकावर नावं लिहायचा कागद लागला. तो सुनंदाकडेच दिलाय. मी जेवून हात धुवून येईपर्यंत तिथं ही गर्दी! गाडीवाले, मोटारसायकलवाले, सांगवीचे, भोसरीचे, मोशीचे. मीही रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा सुनंदानं कागद वरून खाली बोटानं मोजला. खरोखर मोजला, दोनदा.

"भरली, साहेब," ती म्हणाली.

"एकसुद्धा नाही?"

"तुमचं नाव खाली लिहून ठेवते. कोणी सोडली जागा तर सांगीन."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. मला मात्र तिथंच, हातात ताटली असताना, इतकं हसू आलं की दोघंतिघं वळून बघायला लागले. दत्ता, सोमवारी सहा चाळीसला सांगवीहून बस निघतेय. एकही जागा रिकामी नाही. आणि मी तिच्या मागून गाडीत एकटा येणार आहे.